सीटखालचा डबा

अकोल्याच्या डॉक्टरनं मले सांगितलं, सा महिने मोठ्यानं बोलाचं नाई, अन् गाणं तं बिलकुल म्हणाचं नाई. घशात गाठी झाल्या होत्या, त्या काढल्या. आता तांड्यात राहणाऱ्या बाईनं मोठ्यानं बोलाचं नाई म्हणजे तिनं जगाचं कसं, हे त्या डॉक्टरले कोण सांगन? बकरी वावरात शिरली तं मी टाळ्या वाजवतो. नवऱ्याचा राग आला तं जवळ जाऊन कानात बोलतो. एक मात्र समजलं, हळू बोललेली शिवी जास्त लागते. तवापासून आमच्या घरात कामं लवकर होऊन राह्यली.

मी गोमतीबाई. मंगरूळपीरच्या पुढं आमचा बंजाऱ्याचा तांडा आहे. घरात आमी गोरमाटी बोलतो, पण तुमाले सांगाचं तं मराठीतच सांगतो. होळीले आमच्यात लेंगी म्हणतात. हे गाणं एकटीचं नाई. वरच्या गल्लीतल्या बाया सवाल टाकतात, खालच्या गल्लीतल्या जवाब देतात, अन् ज्याईले जवाब सुचला नाई त्या हरल्या. आमची होळी पहाटे पेटते. उजाडलं का पहिली लेंगी मी उचलाची. आधी माही सासू उचले, तिच्यानंतर मी. माही मोठी पोरगी उज्ज्वला लग्नाची झाली, तरी पहिली लेंगी माहीच. तांड्यात माह्यापाशी दुसरं काही मोठं नाई, हे एकच आहे.

अन् हेच माह्या धाकट्या जावेच्या, रूपलाच्या, डोळ्यात सलते. ती खालच्या गल्लीत राहते. गळा चांगला आहे तिचा, खोटं कायले बोलू. ऑपरेशन झाल्यावर भेटाले आली, संत्री घेऊन. म्हणे, "आता आराम करा बाई. यंदा लेंगी मी उचलतो, तुमी खाटेवर बसून ऐका." संत्री मी खाल्ली, पण एकबी गोड लागली नाई. रात्रभर त्या खाटेचाच राग येत राह्यला.

पण माही पोरगी माह्यापेक्षा हुशार आहे. ऑपरेशनच्या आधीच तिनं मले वाशिमले नेलं होतं, एका स्टुडिओत. इतकीशी खोली, भिंतीले फोम लावलेला, अन् मधात एक माइक लटकून राह्यला. "याडी, गाणं म्हण," ती म्हणाली. आमच्यात आईले याडी म्हणतात. मी म्हटलं, अवं, समोर कोणी नाई, जवाब कोण देईन? तरी डोळे मिटले अन् सगळे सवाल गाऊन टाकले. नंतर तिनं मले करंगळीएवढा पेनड्राइव्ह दाखवला, म्हणे यात तुहा गळा आहे. मी तो पदराच्या गाठीत बांधला.

मंग उज्ज्वला आमच्या नायकाकडे गेली. रतनसिंग नायक म्हणजे तांड्याचा मोठा माणूस. डीजेच्या आवाजात बायाची लेंगी बुडते म्हणून त्यानंच होळीले डीजे बंद केला आहे. त्यानं मिशीवर हात फिरवला, इचार केला अन् सांगितलं, "डीजे येणार नाई. पण आपल्याच गाडीत आपल्याच बाईचा आवाज वाजला तं त्याले कोण काय म्हणन? उजाडल्यावर होळीपाशी गोमतीचा आवाज आला तं पहिली लेंगी गोमतीची. नाई आला तं रूपलाची." झालं. आता सगळं गाडीवर आलं.

गाडी आमची दिवाळीनंतरची. पुण्याहून घेतलेली, जुनी पण मोठी, पांढरी. पैसे सगळे चुकते, कागदं साफ, माह्या पोरीच्या नावावर. तिच्यात कंपनीनंच बसवलेली भारी सिस्टीम होती, दहा स्पीकरची. आणली त्या दिवशी उज्ज्वलानं एक गाणं लावलं अन् माह्या बुडाखालची सीट थरथरली. तांड्यातले लेकरं खिडक्याले लोंबकळले. मी म्हटलं, हे यंत्र आहे का देव आहे? अन् मंग काही दिवसांनी काय झालं कोण जाणे, एका दिवशी ती गाडी मुकी झाली. पडदा लागे, गाण्याचं नाव दिसे, पण आवाज टिचभर नाई. वाशिमच्या एका दुकानात दाखवलं, तो म्हणे स्टिरिओ गेला, नवा टाका. म्हणून उज्ज्वलानं नवा स्टिरिओ मागवला, मोठ्या पडद्याचा, बोटानं चालणारा. दुकानातला माणूस होळीचं म्हणून सुट्टीवर गेला. उज्ज्वला म्हणाली, "मी आयटीआय कशाले केलं? मीच बसवतो."

होळी पेटाच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं गाडी अंगणात घेतली. ती मंगरूळपीरले पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसते, पण हात तिचे बापासारखे, कायबी उघडाले तयार. प्लास्टिकची पट्टी घातली, गाडीच्या आतली, स्टिरिओभोवतीची चौकट कट् कट् करत सुटली. तिच्या मागं वायरीच वायरी. मी पाट घेऊन बाजूले बसली. मले काही समजे ना, पण उठवतबी नव्हतं. प्रत्येक स्क्रू मी वाटीत ठेवत होती. जुना स्टिरिओ बाहेर आला, नवा आत गेला, रंग पाहून पाहून तिनं वायरी जोडल्या. चावी फिरवली. पडदा असा उजळला का मी पाटावरून उठून उभी राह्यली.

"याडी, दे गळा," ती म्हणाली. मी पदराची गाठ सोडली, पेनड्राइव्ह देला. तिनं लावला. पडद्यावर माहं नाव आलं, मराठीत. खालची रेघ पुढं सरकू लागली. अन् आवाज?

काईच नाई.

तिनं आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. नाई. वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या. नाई. त्याच वक्ती रूपला समोरून पाण्याची घागर घेऊन गेली. मुद्दाम गेली, तिचा नळ तिकडे आहे. थांबली, पाह्यलं, अन् म्हणाली, "बाई, दिसते चांगला हो टीव्ही." मले बोलता आलं असतं तं त्या घागरीतलं पाणी उकळलं असतं.

उज्ज्वलानं प्रसेनजितले व्हिडिओ कॉल लावला. हा अनसिंगचा पोरगा, तिच्यासंग आयटीआयले होता, आता गाड्याईच्या साउंडचं काम करते. त्यानं पाह्यलं अन् इचारलं, "कंपनीची प्रीमियम सिस्टीम होती ना व? मंग स्टिरिओ एकटा नसते. कुठीतरी अ‍ॅम्प्लिफायर असन. स्टिरिओ फक्त सांगते काय वाजवाचं, स्पीकरले जोर देते तो डबा. जुना स्टिरिओ त्याले जागं करे, नव्यातून निळी वायर जोडून जागं कर."

निळी वायर जोडली. तरी मुकी.

"सीटखाली पाह्य," प्रसेनजित म्हणाला. "डबा बिघडला असन तं वास येईन."

उज्ज्वलानं ड्रायव्हरची सीट मागं ढकलली, मोबाइलचा उजेड पाडला. मीबी वाकली. तिथं डबा नव्हता. लोखंडाची रिकामी चौकट होती, चार स्क्रूचे भोकं होते, अन् एक जाडा प्लग लोंबकळून राह्यला होता. त्या प्लगच्या तोंडाले कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून, खाली दोन गाठी मारल्या होत्या.

ती गाठ मी ओळखली. विहिरीवरच्या मोटरचा जोड असो, कुदळीचा दांडा असो, माह्या चपलेचा पट्टा असो, आमच्या घरात ज्याले ज्याले काही झालं त्याले अशीच ट्यूबची पट्टी बांधलेली आहे, अन् खाली दोन गाठी. ह्या तांड्यात अशी गाठ एकच माणूस मारते.

आमचे हे, किसनसिंग. तांड्यात बैल घ्याचा असो का मोटर, लोक आधी ह्याईले इचारतात. हे बैलाच्या दातात बोट घालतात, मोटरले कान लावतात, अन् मंग घेणारा घेते. मी मान वर केली. मघापर्यंत हे ओट्यावर बसून सगळं पाहून राह्यले होते. आता ओटा रिकामा. वावराच्या रस्त्यानं पागोटं जाताना दिसलं, अन् रोजच्या चालीपेक्षा जरा जास्तच वेगानं.

मी कोपऱ्यातली काठी घेतली. आमच्या होळीत बाया काठ्या घेऊन गेरणी होतात. गेरणीनं माणसाले रस्त्यात अडवलं तं त्यानं रागवाचं नाई, पळाचं नाई, फगवा म्हणजे होळीचे पैसे द्याचे अन् मंगच पुढं जाचं. एरवी भावजया दिरांले अडवतात. बायकोनं नवऱ्याले अडवल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण माही गरज नवीन होती.

बांधापाशी गाठलं. काठी आडवी केली.

"अवं, तू कायले?" हे म्हणाले.

"आज मी गेरणी आहे. फगवा द्या."

ह्याईनं सुटल्यासारखा श्वास सोडला अन् खिशात हात घातला.

"नोट नको," मी कानापाशी जाऊन म्हटलं. "सीटखालचा डबा कुठी आहे, तो फगवा द्या."

"कोणता डबा?"

"ज्याच्या प्लगले तुमी ट्यूब बांधली तो."

आता होळीचं अडवणं, रागवता येत नाई, पळता येत नाई. हे बांधावरच बसले. पागोटं काढलं, पुन्हा घातलं. मंग सांगू लागले.

"दिवाळीनंतर मंगरूळपीरच्या बाजारात चहा पिऊन राह्यलो होतो. तिथं एक जण सांगे, शहरातले काही लोक जुनी गाडी विकतात अन् सीटखाली डबा लपवून ठेवतात. दुसरी चावी त्याईच्यापाशीच. मंग मोबाइलवर त्याईले दिसते गाडी कुठी उभी आहे, अन् एका दिवशी येऊन आपल्या दारातून आपलीच गाडी घेऊन जातात. मले घोर लागला. घरी येऊन सीटखाली हात घातला. खरंच डबा. जड, लोखंडाचा, वायरीच वायरी. तूच सांग, बसाच्या जागेखाली कोण डबा ठेवते? लपवाचाच असन म्हणूनच ना?"

"मंग?"

"मंग काढला."

"फेकला?"

"फेकून कसं चालन?" ह्याईचं तोंड एकदम उजळलं, हुशारी आठवली म्हणून. "इथंच कुठी फेकला असता तं त्या चोराले दिसलंच असतं, गाडी इथं आहे. आपल्या प्रेमसिंगचा ट्रक ऊसतोडीले सांगलीकडे चालला होता. त्याच्या भांड्याच्या पोत्यात टाकून देला. म्हटलं, घे बावा, शोध आता गाडी सांगलीच्या उसात."

मले हसू आलं, रडू आलं, अन् काठी हाणावीशी वाटली, हे तिन्ही एकाच वक्ती. ह्या माणसानं माह्या पोरीची गाडी वाचवाची म्हणून तिचं तोंड बांधलं होतं, अन् मंग गाडी मुकी झाल्यावर सगळ्याईसंग बसून स्टिरिओ बनवणाऱ्याले शिव्या देल्या होत्या.

"गाडी मुकी झाली तवा समजलं नाई?" मी इचारलं.

"दोन दिवसांनी डोक्यात आलं. पण तवर ट्रक गेला होता."

प्रेमसिंगले फोन लावला. तो म्हणे, "तो डबा? आहे ना. आमच्या झोपडीच्या, कोपीच्या, ताडपत्रीवर ठेवला आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. बम जड आहे, कामाचा आहे." ट्रक हंगाम संपल्यावर येणार. होळी दुसऱ्या दिवशी पहाटे.

मंग हे हळूच म्हणाले, "गोमती, एक ऐक. तांड्यात कोणाले सांगू नको. लोक मले इचारून बैल घेतात. उद्या मले रस्त्यानं जाता येणार नाई."

त्याईचं तोंड असं झालं होतं का माही काठी आपोआप खाली आली. "नाई सांगत," मी म्हटलं. अन् खरं सांगतो, तवा मले त्याईची दया आली, पण माह्या लेंगीची जास्त आली.

घरी येऊन मी उज्ज्वलाले इतकंच म्हटलं, डबा आज येत नाई, कसा गेला ते इचारू नको. तिनं त्या ट्यूबच्या पट्टीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् काही न इचारता पुन्हा प्रसेनजितले फोन लावला.

"डबाच नाई तं त्याले मधातून सोडून दे," तो म्हणाला. "स्टिरिओतून सरळ नव्या वायरी ओढ अन् सीटखालच्या प्लगपाशी स्पीकरच्या वायरीले जोड. पण सगळे दहा जोडू नको, नवा स्टिरिओ जळन. चार दरवाज्याचे चार बस."

"कोणती वायर कोणत्या दरवाज्याची, कसं समजन?"

"टॉर्चमधला सेल घे. दोन वायरीले क्षणभर टेकव. ज्याची असन तो स्पीकर टक् म्हणन. ऐकाले कोणीतरी चांगल्या कानाचं बसव."

चांगल्या कानाचं म्हणजे मीच ना. मले एकदम जोर आला. इतक्या दिवसात पहिल्यांदा कोणी मले काम देलं होतं, ज्यात बोलाचं नव्हतं. उज्ज्वला सीटखाली आडवी झाली, मी गाडीत. ती सेल टेकवे, मी कान लावे. काही नाई. दुसऱ्या वायरी. काही नाई. मंग मागच्या उजव्या दरवाज्यात, अगदी खोल, टक्. मी हात वर केला. तिनं त्या वायरीले लाल दोरा बांधला. पुढं डावीकडे, टक्. पांढरा दोरा. मधात कोंबडा आरवला तं मी त्याले चप्पल फेकून मारली. हे आमचे बाहेर उभे, सेल धरू का, टॉर्च धरू का म्हणून राह्यले. उज्ज्वला खालूनच म्हणाली, "बा, तुमी फक्त कशालेच हात लावू नका." हे मुकाट्यानं लिंबाखाली जाऊन बसले.

सूर्य टेकाले आला तवा चार दरवाज्याच्या आठ वायरी जोडल्या गेल्या. तिनं चावी फिरवली. पडदा उजळला. तिनं रेडिओ लावला अन् चारी दरवाज्यातून एक बाई भसकन् बोलली, उद्या विदर्भात हवामान कोरडं राहील. मी त्या बाईवर जीव ओवाळून टाकाले तयार होती. पोरीच्या कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. "आता माहा गळा लाव," मी म्हटलं.

"नाई याडी. उद्या. सगळ्याईसमोर."

"अवं, थोडासा."

"नाई म्हणजे नाई."

कोणाची पोरगी आहे म्हणा.

पहाटे होळी पेटली. सगळा तांडा गोळा झाला, बाया लुगड्याईत, हातात काठ्या, पुरुष पलीकडे. उज्ज्वलानं गाडी उलटी लावली, चारी दरवाजे उघडे टाकले, गाडीनं जसे हात पसरले. रूपला तिच्या बायांच्या पुढं उभी, गळा साफ करून राह्यली. तिनं मेणबत्तीसारखी मान ताठ केली होती. दिवस फुटला. रतनसिंग नायकानं हात वर केला.

उज्ज्वलानं चावी फिरवली. अन् तो मेला पडदा, त्याच्यावर एक गोल चक्कर फिरू लागलं. फिरतेच. फिरतेच. रूपलानं पाह्यलं, हसली, अन् तोंड उघडलं. मी गाडीच्या दरवाज्यावर हात ठेवून उभी होती, त्या हातालेच आधी समजलं. पत्रा थरथरला. अन् मंग आवाज आला.

"होळी आली माये, गव्हाच्या ओंब्या पिकल्या, माहेरची वाट कोणी अडवली?"

असा आवाज, असा मोठा, भरलेला, जाळाच्या वर चढून जाणारा. मी चकरावली. मी पलीकडे नवऱ्याच्या कानापाशी गेली अन् इचारलं, "हा कोणाचा आवाज आहे? माहा असा नाई."

"असाच आहे," हे म्हणाले. "तुले आतून ऐकू येते, म्हणून समजत नाई. मी लग्नाच्या सालापासून होळीच्या पलीकडून ऐकून राह्यलो. हाच आहे."

मले हुंदका आला. आनंदाचाच होता, पण आला.

रूपलाचं तोंड मिटलं. पण लेंगीचा सवाल पडला का जवाब द्याच लागते, मंग टाकणारी कोणीबी असो. तिनं काठी आपटली अन् जवाब उचलला, "वाट अडवली सासूनं, भाकरी थापाले बसवलं." तिच्या बाया मागून गाऊ लागल्या. पण पेनड्राइव्हले काय समजते? त्यानं जवाब पुरा होऊ देला नाई, वरूनच दुसरा सवाल सुरू केला. गोंधळ झाला. रूपला ओरडली, "हे काय, गाडीले थांबता येत नाई का?"

उज्ज्वलानं पडद्यावर बोट ठेवलं, आवाज थांबला. पुन्हा ठेवलं, चालू. मी तिले बाजूले सारलं अन् स्वतः सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर. सवाल टाकला, अंगठा. रूपलाचा जवाब पुरा झाला, अंगठा. दुसरा सवाल. दोन डाव झाले अन् माह्या अंगठ्याले ताल सापडला. रूपलाच्या बाया श्वास घेतात तेवढ्यातच मी पुढचा सवाल सोडे, त्याईले जरासुद्धा उसंत देईना. माह्या मागं वरच्या गल्लीतल्या बाया काठ्या आपटून राह्यल्या. तोंड बंद अन् मी लेंगी गाऊन राह्यली. इतकी मजा मले गळा चांगला होता तवाबी आली नव्हती.

अन् रूपला काही कमी नाई. ती पेटली. एक जवाब चुकला नाई तिचा. होता होता पेनड्राइव्हमधले सवाल संपले. पडद्यावरची रेघ शेवटाले जाऊन थांबली. रूपलाच्या ध्यानात आलं. तिनं कमरेवर हात ठेवले अन् तिथल्या तिथं नवा सवाल रचून फेकला:

"गोमतीनं गळा गाडीत ठेवला, गाडी बोलते, गोमती बसते. आता गाडीले इचारा माये, नवा जवाब देते का?"

खालची गल्ली हसली. मी अंगठा दाबला, काही नाई. पेनड्राइव्हले नवा जवाब कुठून येईन? माह्या मागच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माह्या जिभेवर जवाब होता, तयार, पक्का, असा का रूपला चीत झाली असती. पण तो जवाब त्या डब्याचा होता. अन् मी बांधावर शब्द देला होता. मी ओठ दाबून बसली. रूपलानं काठी वर केली, आता नायक बोलणार, आता गेलं, असं मले वाटलं.

तेवढ्यात पलीकडून, पुरुषाच्या घोळक्यातून, एक आवाज आला. थ्रेशर मशीनमध्ये दगड जावा तसा. आमचे हे. होळीच्या पुढं येऊन उभे, पागोटं हातात, अन् बायांच्या चालीत लेंगी म्हणून राह्यले. जन्मात कधी गायले नाई.

"गाडीले होता सीटखाली डबा, किसनसिंग म्हणे हा चोर बाबा. धाडला सांगलीले ऊस तोडाले, गोमतीचा गळा तरी इथंच वाजते."

"कोणता डबा?" कोणीतरी इचारलं. ह्याईनं सांगितलं, सगळं, बाजारातला चहा, ट्यूबची पट्टी, प्रेमसिंगचं पोतं, ताडपत्री, सगळं सांगितलं, अन् मान खाली घातली नाई. आधी उज्ज्वला फुटली, मंग नायक, मंग सगळा तांडा. लोक पोट धरून खाली बसले. ज्यानं ह्याईले इचारून बैल घेतला होता तो म्हणे, "किसनसिंग, माह्या बैलातबी डबा आहे का पाह्यजो." रूपला जवाब द्याले तोंड उघडे अन् हसे, उघडे अन् हसे. तिले शब्दच जुळे ना. तिनं शेवटी काठी खाली टाकली अन् डोळे पुसले.

मी गाडीत बसून ह्याईच्याकडे पाहून राह्यली. जी गोष्ट समजली तं रस्त्यानं जाता येणार नाई असं हे म्हणत होते, ती ह्याईनं सगळ्या तांड्यासमोर गाऊन टाकली होती, माही लेंगी खाली पडू नये म्हणून. इतकी वर्षं संग राह्यली, पण हा माणूस असं करन असं मले वाटलं नव्हतं.

खालच्या गल्लीतल्या बाया काठ्या आपटून म्हणू लागल्या, भावजी, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. हे माह्याकडे पाहू लागले. मी मानेनं हो म्हटलं. ह्याईनं पागोटं सावरलं अन् पहिल्यापेक्षाबी बेसूर पुन्हा म्हटलं, अन् मी गाडीच्या दरवाज्यावर थाप मारून ताल धरला.